नागीण : पहिले तीन दिवस वाया घालवू नका



या वेळी नागिणीविषयी लिहीत आहे. हिब्रूत या आजाराला ‘शल्बेकेत खोगेरेत’ म्हणतात. खोगेरेत म्हणजे पट्ट्यासारखी वेढणारी. डॉक्टरांच्या कागदावर ‘हर्पीस झोस्टर’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘झोस्टर’ हा ग्रीक शब्दही कमरपट्ट्यासाठीच आहे. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांनी अंगाभोवतीचा वेढा पाहून तिला नागीण म्हटले. नावे निरनिराळी, पण आजार एकच.

हा आजार मुख्यतः आपल्या वयाचा आहे. पन्नाशीनंतर तो होण्याचे प्रमाण वाढत जाते, आणि वय जितके जास्त तितका त्याचा त्रासही जास्त. यावर चांगल्या गोळ्या आहेत, त्या प्रत्येक कुपात खोलीममध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. मात्र त्या वेळेवर सुरू झाल्या तरच त्यांचा पुरा उपयोग होतो. म्हणून आज थोडे सविस्तर लिहिते.

नागीण कशामुळे होते?

लहानपणी आपल्याला कांजिण्या होतात. फोड वाळतात, खपल्या पडतात, मूल खेळायला लागते. पण कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, मोठे आजारपण आले, किमोथेरपी किंवा स्टेरॉईडची औषधे चालू असली की शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते, आणि तो पुन्हा जागा होतो. ज्या गाठीत तो होता, तिथून निघणाऱ्या नसेच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. त्या नसेच्या पट्ट्यातच फोड येतात.

म्हणजे नागीण बाहेरून लागत नाही. ती कोणाच्या नजरेने होत नाही आणि कोणाच्या शापानेही होत नाही.

तोंड आणि शेपूट

आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे की नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो. या भीतीने आजही काही माणसे कमरेवरची पट्टी किती पुढे सरकली हे रोज आरशात बघत बसतात. खरी गोष्ट अशी की आपल्या अंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या नसा वेगवेगळ्या असतात. एका बाजूच्या नसेतून आलेले फोड पोटाच्या आणि पाठीच्या मधल्या रेषेपाशी थांबतात. त्यामुळे तोंड-शेपूट सहसा भेटतच नाहीत. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर उठू लागले, तर मात्र प्रतिकारशक्ती फार कमी झाल्याची ती खूण असू शकते. तेव्हा मंत्र-तंत्र न करता थेट रुग्णालय गाठावे.

गावाकडे नागीण उतरवणारे असत. गेरू लावत, मंत्र म्हणत, आणि दोन-तीन आठवड्यांत फोड वाळत. फोड तर तसेही दोन ते चार आठवड्यांत वाळतातच. त्यामुळे यश त्या माणसाच्या नावावर जमा होई. मागे राहिलेली नसेची आग मात्र रोगी एकटाच सोसत राही. त्या काळी दुसरे औषधच नव्हते, म्हणून आपल्या आजी-आजोबांना दोष देता येत नाही. आज आपल्याकडे औषध आहे.

ओळखायची कशी?

फोड येण्याच्या एक ते पाच दिवस आधी त्या जागी आग, ठणका, मुंग्या किंवा खाज सुरू होते. कातडीला कपडा लागला तरी सहन होत नाही. या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. त्यामुळे छातीत दुखले तर हृदयाची शंका येते, कुशीत दुखले तर मुतखड्याची, पाठीत दुखले तर सांधेदुखीची. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाचीच तपासणी करून घ्यावी, ‘नागीण असेल’ म्हणून घरी बसू नये. पण अशा दुखण्याच्या जागी रोज एकदा कातडी उघडून बघावी. पाठीकडचे स्वतःला दिसत नाही, तेव्हा घरच्यांना दाखवावे.

मग लाल चट्टे येतात आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके उठतात. एकाच बाजूला, पट्ट्यासारखे. छाती, पाठ आणि कंबर या नेहमीच्या जागा, पण कपाळ, डोळा, कान, हात, पाय कुठेही होऊ शकते. पहिला चट्टा दिसला की घड्याळ सुरू झाले असे समजा.

७२ तास म्हणजे नक्की काय?

नागिणीवर मुख्यतः तीन गोळ्या देतात : अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर. चट्टे दिसल्यापासून ७२ तासांच्या, म्हणजे तीन दिवसांच्या आत त्या सुरू कराव्यात असा नियम आहे. जितक्या लवकर तितके बरे.

तीनच दिवस का, ते समजून घेऊ. जागा झालेला विषाणू आपल्याच नकला तयार करत सुटतो, आणि पहिल्या दिवसांत हे काम सर्वांत जोरात चालते. माळ ओवताना एक मणी असा यावा की ज्याला पुढे दोरा न्यायला भोकच नाही, तर माळ तिथेच अडते. अ‍ॅसायक्लोव्हिर हा तसा मणी आहे. विषाणू तो आपला समजून ओवतो आणि त्याची नक्कल अर्धवट राहते. पण आधीच ओवून झालेल्या माळा हे औषध तोडू शकत नाही, आणि नसेला झालेली इजाही भरून काढू शकत नाही. म्हणून उशीर झाला की उपयोग कमी.

गोळ्या वेळेवर घेतल्या तर नवे फोड येणे लवकर थांबते, खपल्या लवकर धरतात, दुखणे कमी दिवस राहते. विषाणू शरीरातून कायमचा जात नाही, तो पुन्हा झोपी जातो. पुढे नसेचे दुखणे राहणारच नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तरीही आपल्या हातात असलेला सर्वांत चांगला उपाय हाच आहे.

आता आपल्या इथली अडचण बघा. गुरुवारी रात्री अंघोळ करताना चट्टा दिसला. शुक्रवारी शब्बाथची तयारी, दवाखाना दुपारी बंद. शनिवारी सगळेच बंद. ‘रविवारी रोफेकडे जाईन’ म्हणून थांबलात, रविवारी दिवस भरलेला निघाला, सोमवारची वेळ मिळाली. रविवारी रात्रीच ७२ तास संपले! म्हणून शुक्रवार-शनिवारकडे बघू नका. प्रत्येक कुपात खोलीमचा फोनवरचा मोकेद असतो, तिथे नर्सशी बोलता येते, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी उघडे असलेले दवाखानेही असतात. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, “शल्बेकेत खोगेरेत वाटते आहे, काल रात्रीपासून चट्टे आहेत.” नुसते “पुरळ आले आहे” म्हटले तर तुम्हाला पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल. डोळा किंवा जीव धोक्यात असेल तेव्हा शब्बाथही आड येत नाही. पिकुआख नेफेश काय ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

तीन दिवस उलटून गेले असतील तर? तरीही जावे. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर नंतरही गोळ्या सुरू करतात.

गोळ्या कशा घ्यायच्या?

किडनी चांगली असलेल्या मोठ्या माणसाला साधारणपणे असे देतात :

- अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस.
- व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. गोळी ५०० ची असेल तर एका वेळी दोन.
- फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस.

हे आकडे माहितीसाठी आहेत. तुमचा डोस तोच, जो तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहिला.

पाच वेळा म्हटले की गोंधळ होतो. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ अशा वेळा ठरवून कागदावर लिहा, तो फ्रिजवर चिकटवा, आणि गोळी घेतली की फुली मारा. मध्यरात्री उठायची गरज नसते. जेवणाआधी की नंतर याचे बंधन नाही. पोटात मळमळत असेल तर जेवणाबरोबर घ्या. एक वेळ चुकली तर आठवल्याबरोबर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन वेळच्या एकदम घेऊ नयेत. फोड वाळले, दुखणे थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या बंद करू नका. पूर्ण दिवस संपवा.

घरात ओठावरच्या ‘जरा’साठी आणलेले अ‍ॅसायक्लोव्हिरचे मलम पडलेले असते. ते नागिणीवर चालत नाही. नागीण नसेतली आहे, तिला पोटातूनच औषध हवे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका. भारतात नातेवाइकांकडे गेला असताना नागीण उठली, तर औषधाच्या दुकानात नुसते विचारून गोळ्या आणू नका, तिथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. त्याचे कारण पुढे आहे.

किडनीची गोष्ट आधी सांगा

ही औषधे लघवीवाटे बाहेर जातात. किडनीचे काम मंदावलेले असेल तर औषध रक्तात साठत जाते. म्हणून अशा माणसाला गोळी लहान किंवा कमी वेळा द्यावी लागते. आपल्या वयात किडनीचे काम थोडेफार कमी झालेले असतेच. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे असला तर आणखीच, आणि ते दोन्ही आपल्या समाजात घरोघरी आहेत.

नेहमीच्या रोफेच्या संगणकावर तुमच्या रक्ताचे रिपोर्ट असतात. पण रात्रीच्या मोकेदमधला किंवा परगावचा डॉक्टर घाईत असेल. आपणच सांगावे : “माझी किडनी कमजोर आहे, क्रिएटिनिन इतके होते.” शेवटच्या रक्ततपासणीचा कागद आणि चालू औषधांची यादी पर्समध्ये ठेवावी.

औषध साठले की काय होते, हे घरच्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, नसलेली माणसे दिसतात, हात थरथरतात, सारखी झोप येते. आमच्या वॉर्डात एका आजींना असेच झाले होते. मुले म्हणत होती, “आईचे वय झाले, डोके चालत नाही.” पण चार दिवसांपूर्वी त्याच आजी नातवाचा हिशेब तपासत होत्या. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, सलाईन लावले, आणि काही दिवसांत त्या पूर्वीसारख्या बोलू लागल्या. चार दिवसांत कोणी म्हातारे होत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर माणूस अचानक बदलला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

साधी मळमळ, डोकेदुखी किंवा जुलाब होऊ शकतात. ते बहुधा थोडक्यात निभावते.

पाणी भरपूर प्यावे. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा. किप्पूरच्या सुमारास नागीण झाली तर उपासाचा निर्णय स्वतः घेऊ नका. आपले वाडवडील दारफाळणीचा सण किती कडक पाळत ते मला माहीत आहे. पण या गोळ्या चालू असताना पंचवीस तास पाण्याविना राहणे किडनीला धोक्याचे आहे. आधी डॉक्टरांना आणि मग रब्बींना विचारा.

दुखण्यासाठी अकामोल चालते, पण दिवसाला किती ते विचारून. आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, जशा अ‍ॅडविल किंवा न्यूरोफेन, किडनीवर ताण आणतात. त्या मनाने घेऊ नका.

डोळा, कान आणि चेहरा

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. नाकाच्या शेंड्याला जाणारी नस डोळ्यालाही जाते. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. कानात फोड, कमी ऐकू येणे, चक्कर किंवा तोंड एका बाजूला वाकडे होणे, हेही तातडीचे आहे. तोंड अचानक वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले किंवा खूप ताप, डोकेदुखी आणि गुंगी असेल तर १०१ ला फोन करा.

घरातल्या इतरांना लागते का?

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावेत, हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. गरोदर सून किंवा नात, तान्हे बाळ आणि कॅन्सरचे उपचार चाललेला माणूस यांना तेवढे दिवस दूर ठेवावे. वाईट वाटते, पण पंधरा दिवसांचाच प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्यापैकी काहींच्या घरी फिलिपाइन्स, नेपाळ, श्रीलंका किंवा भारतातून आलेली मदतनीस असते. उष्ण देशांत कांजिण्या बऱ्याचदा मोठेपणी होतात, त्यामुळे तरुण मदतनिसाला त्या झालेल्याच नसतील. मोठ्या माणसाला कांजिण्या जड जातात. तिला आधी विचारा, “तुला लहानपणी झाल्या होत्या का?” नाही म्हणाली तर फोडांची मलमपट्टी तिच्याकडून करून घेऊ नका, आणि डॉक्टरांना सांगा.

फोड कोमट पाण्याने हलकेच धुवा, टिपून कोरडे करा, जुन्या मऊ सुती कापडाचे सैल कपडे घाला. आग होत असेल तर थंड पाण्यात पिळलेला फडका ठेवा. फोड फोडू नका. गेरू, हळद, तेल, पावडर काही लावू नका. त्याने जखम चिघळते.

‘हर्पीस’ या शब्दाची लाज

कागदावर ‘हर्पीस’ वाचून काही माणसे गप्प बसतात. मुलांना दाखवत नाहीत, औषधाच्या दुकानात चिठ्ठी देत नाहीत. त्यांना वाटते हा संबंधातून होणारा रोग. हर्पीस हे विषाणूंच्या एका मोठ्या घराण्याचे नाव आहे. त्यातला एक ताप आल्यावर ओठावर जर आणतो, त्याचाच भाऊबंद गुप्तांगावर फोड आणतो, आणि तिसरा कांजिण्यांचा व नागिणीचा. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही. आणि ज्यांना गुप्तांगावरचा हर्पीस आहे, त्यांनीही लाजून गप्प राहू नये. त्यावरही याच गोळ्या वेगळ्या डोसमध्ये देतात, आणि डॉक्टर-नर्सना त्यात नवे काही नसते. लाजेपायी गेलेले तीन दिवस परत येत नाहीत.

या औषधामागे एका यहुदी बाईचे मोठे काम आहे, तेही सांगते. गर्ट्रूड एलियन १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये परदेशातून आलेल्या आई-वडिलांच्या पोटी जन्मल्या. पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कॅन्सरने गेले, आणि त्यांनी रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. बाई म्हणून प्रयोगशाळांत नोकरी मिळेना. पीएच.डी. पुरी करता आली नाही. तरी त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून अ‍ॅसायक्लोव्हिर उभे राहिले, आणि १९८८ मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. नातींना ही गोष्ट अवश्य सांगा.

फोड गेले, दुखणे राहिले

फोड बरे झाल्यावरही तीन महिन्यांहून जास्त काळ आग, टोचणे किंवा विजेसारखी कळ राहिली, तर ते नसेचे दुखणे असते. वय जास्त असेल तर त्याचा धोकाही जास्त. इथे विषाणूच्या गोळ्या पुन्हा घेऊन उपयोग नाही. नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिनसारखी वेगळी औषधे आणि कातडीवर लावायच्या पट्ट्या असतात. या औषधांनी सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी बसा, दिवा लावा, मग उभे राहा. “वयाचे दुखणे” म्हणून सोसत बसू नका.

लस

शिंग्रिक्स नावाची लस आहे. पन्नास वर्षांवरील माणसांसाठी, दंडात दोन इंजेक्शने, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. मोठ्या चाचण्यांत ती पन्नाशीवरील माणसांत सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीवरील माणसांत सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरली. त्यात जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग मोडून येते, ताप येतो, आणि जातो. नागीण एकदा होऊन गेली असली तरी पूर्ण बरे झाल्यावर ही लस घेता येते. आपल्याला ती कोणत्या सवलतीत मिळेल, हे आपापल्या कुपात खोलीमच्या नर्सला विचारा. या महिन्यात तिकडे जाल तेव्हाच विचारा.

कापून फ्रिजवर लावण्यासाठी

१. एका बाजूला आग आणि चट्टे दिसले : त्याच दिवशी फोन. शब्बाथ असला तरी.
२. सांगायचे शब्द : “शल्बेकेत खोगेरेत”, आणि चट्टे कधी दिसले तो वार व वेळ.
३. किडनी, मधुमेह आणि चालू औषधे आधी सांगा.
४. डोळा, नाकाचा शेंडा, कान : त्याच दिवशी तपासणी.
५. गोळ्या वेळेवर आणि पूर्ण दिवस. पाणी प्या.
६. माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला : लगेच डॉक्टर.
७. फोड झाकलेले. गरोदर बाई आणि तान्हे बाळ दूर.

हे पान आपल्या शेजारच्या, मराठी वाचता न येणाऱ्या मुला-नातवंडांनाही समजावून सांगा. फोन बहुधा त्यांनाच करावा लागतो.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. जे आजारी आहेत त्यांना रेफुआ श्लेमा.